लिंगोची आग आणि होमरचा वर्ग

होमरची 'इलियड' आणि 'ओडिसी' ही महाकाव्ये कानांसाठी रचली गेली. 'इलियड'च्या साडेपंधरा हजारांवर आणि 'ओडिसी'च्या बारा हजारांवर ओळी आधी गाणाऱ्याच्या गळ्यातून श्रोत्यांपर्यंत पोचल्या. त्या लिहून ठेवण्याची वेळ नंतर आली. महाविद्यालयाच्या वर्गात त्या नेमक्या उलट्या वाटेने येतात. आधी गाईडमधला सारांश, मग महाकाव्याची लक्षणे, मग परीक्षेतले दहा गुणांचे उत्तर. मूळ कथा ऐकण्याची पाळी बहुधा येतच नाही. ग्रीक महाकाव्यावरचे सर्जनशील स्वाध्याय या उलट्या वाटेवरून विद्यार्थ्याला मागे फिरवण्यासाठी असतात. त्यांतून नाटक, चित्र, पत्र, गाणे काहीही निघो, त्याआधी काव्य नीट ऐकले गेले पाहिजे, ही त्यांची पहिली अट आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतली महाविद्यालये २०११ साली नागपूर विद्यापीठापासून वेगळी होऊन गोंडवाना विद्यापीठाखाली आली. इथे इंग्रजी वाङ्मय घेणारा विद्यार्थी घरी गोंडी, माडिया, झाडीबोली किंवा सिरोंच्याकडची तेलुगू बोलतो, शाळा मराठीतून शिकतो आणि परीक्षा इंग्रजीतून देतो. होमर त्याच्याकडे तिसऱ्या नाहीतर चौथ्या भाषेच्या आडून येतो. अशा वर्गात पाठ केलेली लक्षणे उत्तरपत्रिकेत उतरतात आणि सेमिस्टर संपले की विसरली जातात. विद्यार्थ्याला समज कमी असते म्हणून हे घडत नाही. आपल्याला जे आधीपासून ठाऊक आहे त्याचा या काव्याशी काही संबंध असू शकतो, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

ठाऊक असलेले थोडेथोडके नाही. गडचिरोली जिल्ह्याची जवळपास ३९ टक्के लोकसंख्या आदिवासी आहे आणि त्यात गोंड व माडिया यांचा वाटा मोठा. गोंडांच्या कुळकथा परधान गायकांनी पिढ्यान्‌पिढ्या किंगरीच्या साथीने गायल्या. जिवती-राजुऱ्याचा डोंगराळ भाग १९५६ पूर्वी हैदराबाद संस्थानच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. त्याच आदिलाबादेत १९४० च्या दशकात ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने राजगोंडांमध्ये राहून परधानांच्या कथा टिपल्या आणि १९४८ मध्ये त्यांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या थोडेच आधी, १९३३ ते १९३५ या काळात, मिलमन पॅरी हा अमेरिकी अभ्यासक युगोस्लाव्हियात निरक्षर गायकांची गाणी तबकड्यांवर उतरवून घेत होता. एवढे लांब काव्य लेखणीशिवाय रचता येते का, या होमरविषयीच्या जुन्या प्रश्नाचे उत्तर त्याला जिवंत गायकांकडून हवे होते. अवदो मेदेदोविच या गायकाने त्याच्यासाठी बारा हजारांहून अधिक ओळींचे एक गाणे रचून गायले. पॅरी १९३५ मध्येच वारला. त्याचा सहकारी आल्बर्ट लॉर्ड याचे या विषयावरचे पुस्तक १९६० मध्ये आले. होमर समजून घ्यायला पॅरीला बाल्कन डोंगरांत जावे लागले होते. जिवतीच्या विद्यार्थ्याला घरापासून फार लांब जावे लागत नाही.

म्हणून पहिला स्वाध्याय ऐकण्याचा. गाणारा गायक साच्यांवर विसंबतो, असे पॅरीने दाखवले. अकिलीसच्या नावाला त्याच्या पायांचा वेग चिकटलेला असतो, पहाटेला तिच्या बोटांचा रंग. छंदात जागा भरायची आणि पुढची ओळ आठवेपर्यंत उसंत मिळवायची, ही कामे ही विशेषणे करतात. हे व्याख्यानात सांगितले की वहीत उतरते, पण पटत नाही. पटते ते घरी जाऊन ऐकल्यावर. विद्यार्थ्याने घरातल्या किंवा गावातल्या वडीलधाऱ्या माणसाकडून एक लांब कथा दोनदा ऐकायची, मधे आठवडाभराचे अंतर ठेवून, त्यांची परवानगी असेल तर मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायची आणि दोन्ही वेळी शब्दशः तेच राहिले ते काय, बदलले ते काय, याच्या खुणा करायच्या. हाती लागते ते ठरलेलेच: नावे, नात्यांचे क्रम, प्रवासातल्या गावांची यादी, संकटाच्या वेळचे ठरावीक बोल तसेच राहतात, मधला मजकूर दर वेळी नवा विणला जातो. 'इलियड'च्या दुसऱ्या सर्गातली जहाजांची भलीमोठी यादी विद्यार्थ्यांना कंटाळवाणी वाटते. जत्रेला कोणकोणत्या गावचे देव कोणत्या क्रमाने आले, हे आजोबा न अडखळता सांगतात ते ऐकल्यावर तीच यादी ते वेगळ्या नजरेने वाचतात. आपल्या गावाचे नाव यादीत येते की नाही, इकडे ऐकणाऱ्याचा कान असतो. होमरच्या श्रोत्यांचाही असणार.

या स्वाध्यायाला जोडून विशेषणांचे काम देता येते. वैनगंगा, मोह, वाघ, धानाची बांधी, आजी, एस.टी. अशा दहा गोष्टींना प्रत्येकी एकच विशेषण बांधायचे आणि पुढच्या पंधरा-वीस ओळींत ते नाव आले की विशेषणासकट यायला हवे, ही अट. लिहिताना पाचव्या-सहाव्या ओळीला हात अडखळतो, कारण भरलेल्या नदीला आणि उन्हाळ्यातल्या आटलेल्या नदीला एकच विशेषण लावावे लागते. होमरची जहाजे किनाऱ्यावर ओढून ठेवलेली असतानाही वेगवान म्हणवली जातात, ते का, हे या अडखळण्यातून कळते.

तुलनेचा स्वाध्याय सर्वांत मोहक आणि सर्वांत घसरडा. त्याची पहिली रीत सरळ असते: कागदावर दोन रकाने, डावीकडे ग्रीक, उजवीकडे गोंडी, आणि जोड्या लावा. असा तक्ता एकदा वर्गात दिला गेला की काय हाती येते, ते अनुभवाने ठाऊक आहे. झ्यूस बरोबर गोंडांचा कुळदेव पर्सा पेन. प्रोमिथियस बरोबर गोंडांच्या गाण्यांतला लिंगो. कागद नीटनेटके भरलेले असतात आणि वाचल्यावर दोन्ही बाजूंचे काहीच कळलेले नसते. ऑलिंपसवर दरबार भरवणारा, रुसणारा, प्रेमप्रकरणे करणारा झ्यूस आणि कुळाचा पेन यांच्यात 'मोठा देव' या दोन शब्दांपलीकडे साम्य शोधणे म्हणजे दोघांचेही तोंड पुसून टाकणे होय. तक्ता देणाऱ्याची ती चूक असते, भरणाऱ्याची नव्हे. शिवाय त्यात आणखी एक गफलत दडलेली असते. झ्यूसची कथा वर्गाला वाङ्मय म्हणून मिळते. लिंगो हा वर्गातल्या काही विद्यार्थ्यांच्या घरचा देव आहे. त्याला 'मिथक' या मथळ्याखाली बसवून गुण देणे कोणत्या हक्काने, हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारण्याआधी शिक्षकाने स्वतःला विचारायचा असतो.

त्यावर तुलना टाळणे हा मार्ग नव्हे. रकाने बाजूला ठेवून दोन प्रसंग पूर्ण वाचणे, हा मार्ग आहे.

लिंगोच्या गाण्याचा पहिला छापील पाठ नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याच्या कागदपत्रांतून आला. त्याने तो एका परधानाकडून घेतला होता. १८६३ मध्ये पुराच्या पाण्यात बुडून हिस्लॉपचा मृत्यू झाला आणि १८६६ मध्ये रिचर्ड टेंपलने त्याची टिपणे प्रसिद्ध केली. पुढे १८७१ मध्ये कॅप्टन फॉरसिथने आपल्या मध्य भारताच्या डोंगराळ मुलखावरील पुस्तकात हे गाणे इंग्रजी पद्यात घातले, आणि त्यासाठी छंद निवडला लाँगफेलोच्या 'हायावाथा'चा, जो स्वतः फिनलंडच्या 'कालेवाला'वरून घेतलेला होता. परधानाची किंगरी, मिशनऱ्याची वही, सनदी अधिकाऱ्याचे संपादन, फिनिश ठेक्यातले इंग्रजी, एवढ्या हातांतून गेलेला लिंगो आज विद्यार्थ्याच्या हाती पडतो. होमरही असाच अनेक हातांतून आला आहे, हे समजावून द्यायला याहून जवळचे उदाहरण नाही.

त्या गाण्यातला आगीचा प्रसंग असा. लिंगो आणि त्याचे चार भाऊ जंगल तोडून धान पेरतात. नीलगाई येऊन पीक फस्त करतात. भाऊ त्यांचा माग काढून शिकार साधतात, पण मांस भाजायला आग नाही. रिकाड गवाडी नावाच्या एका महाकाय म्हाताऱ्याच्या शेतात धूर दिसतो. धाकटा भाऊ चोरपावलांनी जाऊन जळते लाकूड उचलतो, ठिणगी म्हाताऱ्याच्या अंगावर पडते, तो खवळून उठतो आणि भाऊ जीव घेऊन पळत सुटतो. मग लिंगो स्वतः निघतो. तो दुधी भोपळ्याचे तंतुवाद्य करतो, झाडावर चढून बसतो आणि वाजवू लागतो. म्हातारा नाचू लागतो, त्याची म्हातारीही नाचते. लिंगो खाली उतरून त्याला मामा म्हणून रामराम करतो. आग मिळते, आणि पुढे म्हाताऱ्याच्या सात मुली चौघा भावांच्या बायका म्हणून घरात येतात.

यासमोर दोन ग्रीक प्रसंग ठेवायचे. हेसियडच्या काव्यात प्रोमिथियस पोकळ देठात लपवून आग पळवतो. झ्यूस त्याला जखडून टाकतो आणि गरुड रोज त्याचे यकृत खातो. 'ओडिसी'च्या नवव्या सर्गात ओडिसियस पॉलिफिमस या महाकाय एकाक्षाच्या गुहेत शिरतो, न विचारता त्याचे अन्न खातो, त्याच्याकडून आतिथ्याची अपेक्षा करतो आणि शेवटी त्याचा डोळा फोडून पळतो. जाता जाता मोठ्याने आपले नाव सांगतो, म्हणून पुढची सारी वर्षे समुद्रावर भरकटतो. स्वाध्यायाचा प्रश्न एकच असतो: राक्षसाशी नाते जोडता आले असते का? पॉलिफिमसच्या गुहेत वीणा घेऊन शिरलेला ओडिसियस कसा वागला असता, ते दोन पानांत लिहा. किंवा उलट: लिंगोने चोरीच केली असती तर सात मुलींचे काय झाले असते?

हा प्रश्न हाती आल्यावर साम्याच्या यादीपेक्षा फरक बोलू लागतो. ग्रीक कथेत आग मिळते ती चोरीने, आणि चोरीला शिक्षा असते. गोंडी कथेत चोरी फसते, आग मिळते ती सूर लावून आणि 'मामा' म्हणून. मामाची मुलगी घरात आणण्याची रीत माहीत असलेल्या विद्यार्थ्याला या एका शब्दाचे वजन लगेच कळते; एरवी ते टिपेत समजावून सांगावे लागले असते. खोट्या साम्याचा सापळाही इथेच असतो. शिकारीचे काळीज लिंगोच्या गाण्यात येते आणि प्रोमिथियसच्या कथेतही यकृत आहे, म्हणून दोन्ही एकच, असे लिहिणारा कागद दर वर्षी एखादा तरी येतो. कथेत त्या वस्तूचे काम काय, हा प्रश्न विचारला की ते साम्य आपोआप गळून पडते.

काही साम्ये मात्र गळत नाहीत, आणि ती विद्यार्थ्यांना हादरवतात. त्या सात जणी लिंगोवर भुलतात, तो नाकारतो, त्या नवऱ्यांकडे खोटी तक्रार करतात आणि भाऊ लिंगोला ठार मारून त्याचे डोळे काढतात. 'इलियड'च्या सहाव्या सर्गात बेलेरोफोनची कथा आहे: राणीला नकार दिल्याबद्दल खोटा आळ आणि मरणाच्या कामगिरीवर रवानगी. युरिपिडीसच्या नाटकातल्या हिप्पोलिटसवरही असाच आळ येतो. इथे स्वाध्याय देताना थोडे थांबावे लागते. मुलींच्या वर्गात 'खोटी तक्रार करणारी स्त्री' हा साचा तसाच स्वीकारून पुढे जाणे बरोबर नाही. म्हणून हा स्वाध्याय त्या सात जणींच्या तोंडून लिहून घ्यायचा. बापाच्या घरून जंगलात आणलेल्या सात बहिणी, चार नवरे, आणि सगळ्यांचे लाड करून घेणारा एक दीर. या बाजूने लिहिलेल्या कागदांत दरवेळी काहीतरी न ऐकलेले सापडते. इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये महाभारतातल्या माणसांना देवत्वाच्या झुलीखालून बाहेर काढून माणूस म्हणून वाचले. त्या पुस्तकातला एखादा लेख आधी वाचायला दिला तर विद्यार्थ्यांची भीड चेपते. मात्र ज्यांच्या घरी लिंगोची पूजा आहे त्यांच्यावर हा स्वाध्याय लादायचा नाही. त्यांनी हिप्पोलिटसवर आळ घेणाऱ्या फीड्राची बाजू लिहिली तरी चालते.

एकाच कथेचे अनेक पाठ हा मुद्दाही लिंगोमुळे सोपा होतो. हिस्लॉपच्या पाठात महादेव गोंडांना गुहेत कोंडतो आणि लिंगो त्यांना सोडवतो. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेला यात्रा भरते. चंद्रपूर-गडचिरोलीची माणसेही तिकडे जातात. तिथे सांगितल्या जाणाऱ्या कथेत माता कली कंकालीची मुले गुहेत अडकलेली असतात, पहांदी पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड त्यांच्या सुटकेसाठी झटतात, आणि हिरासुका पाटालीर नावाचा वादक आपल्या वाद्याच्या सुरांनी दारावरचा प्रचंड दगड हलवतो व त्याच दगडाखाली प्राण सोडतो. पलीकडे बस्तरच्या मुरियांमध्ये लिंगो हा गोटुल या युवागृहाचा आद्य पुरुष, अठरा वाद्ये एकट्याने वाजवणारा. व्हेरिअर एल्विनने १९४७ च्या ग्रंथात त्याची कथा दिली आहे. यांतला खरा लिंगो कोणता, असा प्रश्न वर्गात येतोच. त्याचे उत्तर ग्रीसमधून मिळते. होमरची हेलन ट्रॉयला गेली. युरिपिडीसच्या 'हेलन' नाटकातली हेलन ट्रॉयला गेलीच नाही, ती इजिप्तमध्ये होती आणि माणसे तिच्या नुसत्या सावलीसाठी दहा वर्षे मेली. दोन्ही पाठ ग्रीकांनी जपले. हिरासुकाच्या शेजारी मग अँफियन येऊन बसतो, ज्याच्या वीणेच्या सुरांनी दगड चालत येऊन थीब्जचा तट उभा राहिला. एकाने सुरांनी दगड जमवला, दुसऱ्याने सुरांनी दगड हटवला. एक गावाभोवती भिंत घालतो, दुसरा कोंडलेल्यांना बाहेर काढतो. दहा-बारा ओळींचे संवादलेखन या दोघांमध्ये करायला सांगितले तर वर्गातले सर्वांत अबोल विद्यार्थीही लिहितात.

थीब्जवरून चंद्रपूरचाच विषय निघतो. थीब्ज वसवणाऱ्या कॅडमसला देववाणी मिळाली होती की गाय जिथे बसेल तिथे नगर वसव. ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसानियस सांगतो की त्या गाईच्या दोन्ही कुशींवर पूर्णचंद्रासारखी पांढरी खूण होती. चांद्याची कथा खांडक्या बल्लाळशाहाची. शिकारीत तहानलेला, अंगावर व्रण असलेला राजा झरपट नदीच्या पात्रातले पाणी पितो आणि त्याला उतार पडतो. पुढे एक ससा, कपाळावर पांढरा ठिपका असलेला, उलट राजाच्या कुत्र्याचाच पाठलाग करताना दिसतो. राणीच्या सल्ल्याने त्या पाठलागाच्या वाटेवरून परकोट बांधला जातो. इथला स्वाध्याय पायाने करायचा असतो: परकोटाच्या कडेने चालून एक कच्चा नकाशा काढायचा, जटपुरा, पठाणपुरा, बिनबा, अंचलेश्वर ही चार दारे दाखवायची आणि ससा कुठून कुठे धावला असेल ते कथेच्या भाषेत लिहायचे. शहरात राहूनही किल्ल्याला फेरी न मारलेले विद्यार्थी यात बरेच असतात. कथा गावाला धरून असते, हे चालल्यावर पटते.

ताडोबाची गोष्ट याहून खोल जाते. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना मारला गेला, लोकांनी त्याला देव मानले, तलावाकाठी झाडाखाली त्याचे ठाणे झाले. त्याच्या नावाने आज जगभरचे लोक वाघ पाहायला येतात. प्राचीन ग्रीसमध्ये मेलेल्या वीरांच्या थडग्यांशी नैवेद्य दाखवण्याची रीत होती. तो वीर आपल्या भूमीचे रक्षण करतो, अशी श्रद्धा असे. पाठ्यपुस्तकातला 'वीर' हा शब्द महाकाव्याच्या नायकापुरता राहतो. तारूमुळे कळते की ग्रीकांसाठीही वीर हा आधी एका ठिकाणचा, एका मातीचा असे. सिंदेवाही किंवा ब्रह्मपुरीकडच्या विद्यार्थ्याला मात्र वाघ ही गोष्टीतली चीज नसते. गावातले कोणीतरी गेलेले असते. तिथे वीरगीत लिहायला सांगू नये. लिहावेसे वाटले तर ते लिहितात, आणि तो कागद गुणांसाठी घेतला जात नाही.

वाघ आणि गुरे यांचा प्रसंग 'इलियड'मध्येही आहे, सिंहांच्या रूपात. अठराव्या सर्गात हिफेस्टस अकिलीससाठी ढाल घडवतो आणि तिच्यावर सारे जग कोरतो: दोन शहरे, एकात लग्नाची वरात आणि न्यायनिवाडा, दुसऱ्याला वेढा, नांगरणी, कापणी, द्राक्षांची तोडणी, गुरांच्या कळपावर झडप घालणारे सिंह, मेंढ्या, नाचणाऱ्या पोरी-पोरांचे रिंगण आणि कडेला वळसा घालणारा महासागर. युद्धाच्या ऐन मध्यात कवी युद्ध थांबवून शेत दाखवतो. या सर्गावरचा स्वाध्याय या दोन जिल्ह्यांत सर्वांत समृद्ध ठरतो, कारण तो हाताने करायचा असतो आणि त्यात इंग्रजी आड येत नाही. ढालीऐवजी बुरडाकडून आणलेले बांबूचे सूप किंवा टोपलीचे झाकण घ्यायचे, आणि त्यावर आपल्या गावाचे जग काढायचे. नियम होमरचेच. दोन गावे हवीत, एक सुखाचे आणि एक संकटाचे. भांडणाचा निवाडा हवा. काम हवे, नाच हवा, गुरांवरचा हल्ला हवा. आणि कडेला काय काढायचे ते स्वतः ठरवायचे, पण त्याचे कारण लिहून द्यायचे.

कडेचा प्रश्नच खरा. समुद्र कोणी पाहिलेला नसतो. वैनगंगेकाठचे विद्यार्थी नदी काढतात. ती वर्धेला मिळून प्राणहिता होते आणि सिरोंच्याखाली गोदावरीत जाते, म्हणजे तिला वळसा घालता येत नाही, ती सुपाच्या कडेवरून सुटते. तेव्हा काही जण जंगल काढतात. भामरागडकडच्या विद्यार्थ्याच्या सुपावर पर्लकोटेचा पूर येतो, कारण दर पावसाळ्यात तोच त्याच्या जगाची हद्द ठरवतो. एटापल्लीकडून आलेल्या सुपावर कडेने लोहखनिजाच्या ट्रकांची रांगही असते. निवाड्याच्या जागी ग्रामसभा बसते. मेंढा-लेखासारख्या गावाने २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, ते विद्यार्थ्यांना ठाऊक असते आणि ते वर्तुळात बसलेली माणसे काढतात. होमरच्या ढालीवरही वडीलधारी माणसे वर्तुळात बसूनच न्याय करतात. हा तपशील ज्याने मूळ उतारा वाचला त्यालाच सापडतो, त्यामुळे कोणी वाचले आणि कोणी चित्रच तेवढे काढले, हे विचारावे लागत नाही.

'ओडिसी'चा गाभा घरी परतण्याचा आहे, आणि त्यावर पत्रलेखन हा सगळीकडे दिला जाणारा स्वाध्याय: ओडिसियसची पत्नी पेनेलोपी म्हणून त्याला पत्र लिहा. इथे त्याची दिशा उलटी होते. हिवाळा सरता सरता या जिल्ह्यांतली कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात, त्यांत बायाही मोठ्या संख्येने. घरी राहून वाट पाहणारे म्हातारे असतात आणि मुले. त्यामुळे पत्रे पेनेलोपीपेक्षा टेलेमाकसच्या नावाने जास्त येतात. वीस वर्षे न पाहिलेल्या बापाविषयी लोकांकडून तुकड्या-तुकड्यांनी ऐकत फिरणारा हा मुलगा पहिल्या चार सर्गांचा नायक आहे, आणि बहुतेक गाईडे त्याला एका परिच्छेदात आटोपतात. ज्या मुलाची आई दोन महिने मिरचीच्या शेतात असते, त्याला त्या चार सर्गांची किंमत सांगावी लागत नाही. ओळख पटण्याचे प्रसंगही इथेच घ्यायचे: जुन्या दाईला रानडुकराच्या सुळ्याने झालेला ओडिसियसच्या मांडीवरचा व्रण ओळखू येतो, उकिरड्यावर पडलेला म्हातारा कुत्रा शेपूट हलवतो आणि मरतो. 'तुझ्या घरच्यांनी तुला न पाहता कशावरून ओळखावे?' या एका ओळीच्या प्रश्नावर येणारी उत्तरे एका पानाच्या आत असतात आणि वर्षातली सर्वांत चांगली असतात.

नाट्यरूपांतरासाठी या भागाकडे स्वतःचा रंगमंच आहे. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो आणि धानकापणीनंतरच्या रात्री गावोगाव नाटके पहाटेपर्यंत चालतात. या रंगभूमीवरचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. झाडीपट्टीत रात्रभर बसणारा प्रेक्षक अथेन्सच्या डायोनिससच्या उत्सवात दिवसभर नाटके पाहणाऱ्या प्रेक्षकाला समजू शकतो. ग्रीक शोकांतिकेचा मराठी रंगमंचाशी संबंध पु. ल. देशपांड्यांच्या 'राजा ओयदिपौस'मुळे आधीच जुळलेला आहे. विद्यार्थ्यांना 'ओडिसी'चा एकविसावा आणि बाविसावा सर्ग देतात: धनुष्याची पैज आणि पेनेलोपीच्या लग्नेच्छूंचा संहार. झाडीबोलीत संवाद, दंडार या लोकनाट्यातल्यासारखी मधली गाणी, पाऊण तासाचा वेळ. गडबड होते ती हाणामारीत. ती इतकी रंगते की ज्या बारा दासींना टेलेमाकस फासावर देतो त्या गाळल्या जातात. त्या गाळू द्यायच्या नाहीत. दोरीवर लटकलेल्या त्या बारा जणींसाठी रंगमंचावर काय करायचे, याची चर्चा तालमीपेक्षा जास्त वेळ घेते आणि तिला तेवढा वेळ द्यावा.

गुण देण्याचा प्रश्न शेवटी येतो, पण तो सुरुवातीलाच ठरवून वर्गाला सांगावा लागतो. चित्राच्या सुबकपणाला आणि नाटकाच्या कपड्यांना गुण नाहीत. तीन गोष्टी पाहतात. मूळ काव्यातला प्रसंग सर्गाच्या क्रमांकासह नेमका पकडला आहे का. आपल्या बाजूने घेतलेली कथा कोणाकडून, कुठे, कोणत्या भाषेत ऐकली ते नोंदले आहे का. सांगणाऱ्याने नाव देऊ नको म्हटले तर फक्त नाते आणि गाव. आणि 'न जुळणारे' या मथळ्याचे एक पान आहे का. हे शेवटचे पान तक्त्याच्या चुकीतून जन्मले. ज्या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या त्यांत काय बसत नाही, काय उरते, ते त्यात लिहायचे. काही कथा विधीच्या वेळीच सांगायच्या असतात. पेरमा (गावचा पुजारी) किंवा घरचे वडील नको म्हणाले तर विद्यार्थ्याने तेवढेच लिहावे की कथा आहे, आणि ती इथे देता येत नाही. त्या पानाला पूर्ण गुण.

लेखनाची भाषा हाही ठरवण्याचा भाग. अभ्यासक्रम इंग्रजीचा असला तरी कच्चे लेखन गोंडी, माडिया, झाडीबोली, तेलुगू वा मराठीत करायचे आणि त्याखाली इंग्रजी द्यायचे, अशी मुभा दिल्यावर कागदांची लांबी वाढते. २०११ च्या जनगणनेत देशभरात गोंडी मातृभाषा नोंदवणारे एकोणतीस लाखांहून अधिक होते. तिच्यासाठी विद्यापीठाच्या स्वाध्यायात एक पान असणे फार नव्हे. मूळ गोंडी ओळ देवनागरीत लिहिताना विद्यार्थी अडतात, घरी फोन लावतात, एकाच शब्दाचे अहेरीकडचे आणि धानोऱ्याकडचे उच्चार वेगळे निघतात, आणि वर्गात त्यावरून वाद होतो. होमरच्या ग्रीकमध्येही आयोनिक आणि इओलिक बोली एकमेकींत मिसळलेल्या आहेत, हे सांगण्याची योग्य वेळ तीच.

सेमिस्टर संपल्यावर सुपे ज्याची त्याला परत जातात, कारण ती घरात लागतात. कागद विभागाच्या कपाटात राहतात. ध्वनिमुद्रित केलेल्या कथांची एक प्रत सांगणाऱ्याच्या घरी पोचवायची, हे विद्यार्थ्याचे शेवटचे काम. ती पोचल्याचा निरोप आल्यावरच अंतर्गत गुणांच्या यादीत त्याच्या नावापुढे आकडा लिहिला जातो.